रस्ता कोणाचा? सायकल, गाडी आणि आपण (इयत्ता पाचवी : परिसर अभ्यास आणि गणित)



आमची शाळा पाचवीपर्यंत आहे. सहावीला मुलं तालुक्याच्या गावी जातात. काही एसटीनं, काही टमटमनं आणि बरीच सायकलवर. म्हणजे दहा-अकरा वर्षांचं लेकरू पहिल्यांदाच एकटं मोठ्या रस्त्याला लागतं. त्याला आपण काय शिकवून पाठवतो? लाल दिवा थांबा, हिरवा दिवा चला. आणि आमच्या वाटेवर एकही सिग्नल नाही! धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांची हीच गत असेल. वाटेत आहे ते काय, तर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, बाजूनं सुसाट जाणारी मोटारसायकल आणि खडी उघडी पडलेली साईडपट्टी.

मागच्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेतून घरी येताना पडली. मागून हॉर्न वाजला, ती घाबरून साईडपट्टीवर उतरली, चाक खडीत घसरलं. गाडी तिला लागलीसुद्धा नाही. कोपर फुटलं, दप्तर चिखलात गेलं. गाडीवाला थांबला नाही. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी तिची सायकल बंद केली. इथपर्यंत कोणाही पालकाचं मन असंच वागेल. पण पुढं काय झालं? ती मोठ्या भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून जायला लागली. भाऊ अकरावीत. लायसन्स नाही, हेल्मेट नाही, आणि कधी कधी तिसरा मित्रही सोबत.

सुरक्षित व्हावं म्हणून सायकल सोडली, आणि लेकरू जास्त धोक्याच्या वाहनावर बसलं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. आणखी साधारण पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा.

त्या मुलीमुळं मी हा पाठ तयार केला. सायकलवाले आणि गाडीवाले यांचं भांडण काय आहे, दोघांचं कुठं बरोबर आणि कुठं चूक, आणि जास्त जबाबदारी कोणाची, हे मुलांनी स्वतः शोधायचं. पाठाला चार तासिका लागतात. शेवटची तासिका पालकांची आहे. ती टाळू नका.

उद्दिष्टे

१. रस्ता वापरणाऱ्या प्रत्येकाची अडचण मुलांना सांगता यावी.
२. वेग वाढला की थांबायला किती जास्त जागा लागते, हे मोजून समजावं.
३. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व कळावं.
४. सायकल चालवण्याचे नियम कारणासह सांगता यावेत.

साहित्य : फळा, दोरी, मीटर टेप, फक्की, दोन सायकली, वही.

तासिका १ : तक्रारींचा फळा

फळ्याच्या मधोमध रेघ मारा. डावीकडं ‘सायकलवाल्याची तक्रार’, उजवीकडं ‘गाडीवाल्याची तक्रार’. सायकलवाल्यांचा रकाना भरायला मुलांना वेळ लागत नाही. गाडीवाले अगदी जवळून जातात. पाठीमागं येऊन जोरात हॉर्न वाजवतात. साईडपट्टीवरच गाडी उभी करतात, मग आम्हाला मधून जावं लागतं. रात्री डोळ्यावर मोठा लाईट मारतात. “मॅडम, ट्रॅक्टर आला की म्या तर खालीच उतरतो,” एकजण म्हणाला.

उजवीकडचा रकाना मात्र रिकामा राहतो. अशा वेळी मुलांना म्हणा, “आता तुम्ही गाडी चालवताय. समोर सायकलवाली मुलं आहेत. बोला.” थोडा वेळ जातो आणि मग मुलं खरं बोलायला लागतात. सायकलवाले तिघं-तिघं बाजूबाजूनं गप्पा मारत जातात. हात न दाखवता एकदम वळतात. उलट्या बाजूनं येतात. अंधारात दिसतच नाहीत, ना लाईट ना चमकपट्टी. ब्रेक नसतो, चपलेनं चाक थांबवतात.

हे सगळं फळ्यावर लिहा. दोन्हीकडच्या तक्रारी खऱ्या आहेत. गाडीवाला वाईट आणि सायकलवाला बिचारा, असा पाठ शिकवला तर मूल सायकलवर बेफिकीर होतं, आणि पुढं गाडी घेतली की पाठ विसरून जातं.

आता विचारा, “या फळ्यावरच्या किती जणांना तुम्ही ओळखता?” वर्गात एकदम हसू फुटतं. कारण वडील गाडीवर शेताला जातात, आजोबा सायकलवर डेअरीला दूध घालतात आणि दादा ट्रॅक्टर चालवतो. दोन्ही बाजू एकाच घरात जेवायला बसतात. आपली मुलंही आज सायकलवर आहेत आणि सात-आठ वर्षांनी गाडीवर असणार आहेत.

घरचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारून या, तुमच्या वेळी रस्त्यावर काय चालायचं? पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री बिनदिव्याची सायकल किंवा डबलसीट दिसली तर पोलीस पकडत. आज मोटार वाहन कायद्यानुसार सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळं लायसन्स लागत नाही. पण रस्त्यावर तिचा हक्क आहेच.

तासिका २ : दोरीनं मोजलेला वेग

हा तास मैदानावर घ्या. आधी वर्गात गणित करू.

ताशी ३० किलोमीटर म्हणजे एका तासात ३०,००० मीटर. तासात ३,६०० सेकंद. भागाकार केला तर एका सेकंदाला साधारण ८ मीटर येतात. ताशी ६० ला साधारण १७ मीटर.

समोर मूल दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात सुमारे एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी त्याच वेगानं पुढं गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर ढोबळ हिशेब असा :

ताशी ३० : ८ मीटर (कळेपर्यंत) + ७ मीटर (ब्रेकनंतर) = १५ मीटर
ताशी ६० : १७ मीटर (कळेपर्यंत) + २८ मीटर (ब्रेकनंतर) = ४५ मीटर

वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचं अंतर चौपट होतं. ७ चे २८ झाले. हे मुलांना तोंडी सांगून पटत नाही. म्हणून मैदानावर एका ठिकाणी ‘मूल दिसलं’ अशी खूण करा. तिथून १५ मीटरवर एक मुलगा आणि ४५ मीटरवर एक मुलगी उभी करा. आमचं मैदान ४५ मीटर लांब नाही, त्या मुलीला गेटच्या बाहेर उभं राहावं लागलं. तिला तिकडं बघून वर्ग गप्प झाला. ओल्या रस्त्यावर किंवा वाळू-खडीवर हे अंतर आणखी वाढतं, तेही सांगा.

आता वजन. मूल आणि सायकल मिळून ५० किलोच्या आसपास. दोन माणसं बसलेली मोटारसायकल याच्या चार-पाच पट. उसानं भरलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कित्येक टनांचा. मग मुलांना विचारा : सायकलवाल्याची चूक झाली तर कोणाला लागतं? गाडीवाल्याची चूक झाली तर कोणाला लागतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, सायकलवाल्याला.

चूक दोघांची होऊ शकते, पण तिची किंमत सारखी नसते. म्हणून जबाबदारीही सारखी वाटता येत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत हेच तत्त्व घातलं गेलं : ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते, त्यानं इतरांचा धोका कमी करण्याची जबाबदारी जास्त घ्यायची. जर्मनीत २०२० पासून गाडीवाल्यानं सायकलला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्येही याच्या जवळचा विचार दिसतो. मोटारीच्या अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये भरपाई गाडीमालकानं किंवा विमा कंपनीनं द्यायची असते, आणि त्यासाठी गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. पालकांनाही हे माहीत असलेलं बरं.

दीड मीटर म्हणजे किती, ते टेपनं मोजून दाखवा. पाचवीतलं मूल हात पसरून उभं राहिलं की जवळपास तेवढं होतं.

तासिका ३ : रस्त्याचं निरीक्षण आणि शहराची गोष्ट

शाळेच्या कुंपणाच्या आत राहून अर्धा तास रस्ता बघायचा. मुलांना रस्त्यावर नेऊ नका. वहीत चार रकाने : सायकलला अंतर ठेवून गेलेल्या गाड्या, जवळून गेलेल्या गाड्या, विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्या, आणि नियम मोडणाऱ्या सायकली. गाडीचा नंबर किंवा माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त रेघा मारायच्या.

एक कबुली देते. पहिल्यांदा हे निरीक्षण घेतलं तेव्हा मला बँकेच्या कामाला जायचं होतं. मुलं सहकारी शिक्षकांजवळ होती. मी स्कूटी काढली, समोर सायकलवर एक म्हातारबा होते, मी सवयीनं दोनदा हॉर्न दिला आणि पुढं गेले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही दाखवायला आली. हॉर्नच्या रकान्यातल्या एका रेघेकडं बोट दाखवून हळूच म्हणाली, “मॅडम, ही तुमची हाय.” मी ती रेघ तशीच ठेवली आणि वर्गाला सांगितलं, माझी चूक झाली. नंतरच्या चर्चेत मुलं आपल्या घरच्यांबद्दलही मोकळं बोलली.

निरीक्षणानंतर पुण्याची गोष्ट सांगा. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कारखान्यातले कामगार, प्राध्यापक, विद्यार्थी, सगळे सायकलवर. मग स्कूटर आल्या, मोटारी आल्या आणि सायकलवाला कडेला सरकत गेला. पुढं महापालिकेनं वेगळे सायकल मार्ग बांधले. पण कित्येक ठिकाणी त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, टपऱ्या बसल्या, आणि कोंडी झाली की दुचाकीवाले त्यावरूनच जायला लागले. २०१७ मध्ये महापालिकेनं सायकलींसाठी सविस्तर आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या सायकलींची योजनाही सुरू झाली. रस्त्यांवर रंगीत सायकली दिसल्या, लोकांनी वापरल्याही, पण काही सायकलींची मोडतोड झाली आणि योजना टिकली नाही.

कोलकात्यानं वेगळाच मार्ग धरला. तिथं २००८ पासून पोलिसांनी कित्येक मुख्य रस्त्यांवर सायकलींनाच बंदी घातली. गाड्या अडतात म्हणून सायकल काढून टाकली. त्याचा फटका बसला दूधवाला, पेपरवाला आणि मजूर यांना.

तिसरी गोष्ट नेदरलँड्सची. आज तो देश सायकलींसाठी प्रसिद्ध आहे, पण पन्नास वर्षांपूर्वी तिथंही मोटारींचंच राज्य होतं. १९७१ साली तिथं रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. मग पालक रस्त्यावर उतरले. चळवळीच्या नावाचा मराठी अर्थ होतो ‘मुलांच्या हत्या थांबवा’. मुलांच्या आया-वडिलांनी मागणी लावून धरली म्हणून पुढं सुरक्षित सायकल मार्ग आणि कमी वेगाच्या गल्ल्या झाल्या. तिथली प्राथमिक शाळेतली मुलं वाहतुकीची परीक्षाही देतात, आणि कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून दाखवतात.

तिन्ही गोष्टी सांगून झाल्यावर विचारा : पुण्यात सायकल मार्ग बांधूनही काय कमी पडलं? आमच्या वर्गाचं उत्तर होतं, “लोकांनी त्यो आपला मानला न्हाई.” मला ते बरोबर वाटतं. फक्त त्यात एवढी भर घालते की मार्ग मोकळा ठेवण्याचं काम रोज कोणीतरी करावं लागतं, आणि तेही कमी पडलं.

हे आपल्याकडं होणारच नाही, असं कोणी म्हणेल. मग कोजागिरी पौर्णिमा आठवा. लाखो भाविक सोलापूरहून पायी तुळजापूरला निघतात. त्या काळात प्रशासन वाहनांचा मार्ग बदलतं आणि रस्ता पायी चालणाऱ्यांना मिळतो. कोणी कुरकुर करत नाही. गावोगावचे लोक उलट पाणी आणि फराळ घेऊन कडेला उभे राहतात. दुबळ्याला रस्ता द्यायची रीत आपल्याला माहीत आहे. वर्षातले ते दोन-तीन दिवस सोडून, रोज सकाळी शाळा भरताना ती थोडी वापरायची आहे.

तासिका ४ : पालकांचा तास

पालकसभेला जोडून हा तास घ्या. भाषण करू नका. मैदानावर फक्कीनं दोन समांतर रेघा मारा, मध्ये एक फूट अंतर, लांबी वीस पावलं. ही झाली साईडपट्टी. गाडीवर येणाऱ्या पालकांना सायकल द्या आणि सांगा, या पट्टीतून हळूहळू चालवत जा, रेघेला चाक लावू नका.

बहुतेकांचं चाक बाहेर जातं. सायकल कमी वेगात डुलतेच, तिचा तोल तसाच सांभाळला जातो. वर पाठीवर दप्तर आणि समोरून वारा असेल तर आणखी डुलते. त्यामुळं “कडेनं चालव की!” म्हणून आपण जी कड लेकराला देतो, ती कड सायकलला पुरत नाही. हे पालकांना स्वतः सायकलवर बसल्यावर समजतं.

त्यानंतर मुलांना फळ्यावरची यादी वाचू द्या. मग दोन्ही बाजूंचे नियम ठरवा. आमच्याकडं हे ठरले :

सायकलवर : डाव्या बाजूनं, एकामागं एक. वळण्याआधी मागं बघायचं आणि हात दाखवायचा. दोन्ही ब्रेक आणि घंटी चालू. मागं लाल चमकपट्टी, अंधार पडायच्या आत घरी. उसाचा ट्रॅक्टर किंवा ट्रक आला की थांबून त्याला पुढं जाऊ द्यायचं, दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत कधीच शिरायचं नाही.

गाडीवर : शाळा भरताना आणि सुटताना शाळेजवळ वेग ३० च्या आत. सायकलला ओलांडताना हात पसरलेल्या मुलाएवढं अंतर. जागा नसेल तर मागं थांबायचं. अगदी पाठीशी येऊन हॉर्न नाही. साईडपट्टीवर गाडी लावायची नाही.

आणि घरातल्या मोठ्या मुलाबद्दल पालकांना स्पष्ट सांगा. गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ वर्षांनंतरच मिळतं. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवं, मागं बसणाऱ्यालाही.

मुलींची सायकल का वाचवायची?

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पण वस्तीवर एसटी येत नाही, आणि जादा तास असला की गाडी चुकते. अशा वेळी सायकल हाच आधार. म्हणूनच मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत दिली जाते. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. अभ्यासकांनी नंतर तपासलं तेव्हा त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेत नाव घालण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आपण सायकल देतो, पण ती चालवायला रस्ता देत नसू, तर एका हॉर्ननं ती सायकल घरी उभी राहते. आणि सायकल उभी राहिली की कधी कधी शाळाही थांबते.

मूल्यमापन

१. ताशी ४० वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण किती मीटर जाते? (उत्तर : ११)
२. सायकलवाला एकदम वळला आणि गाडीवाल्यानं जोरात ब्रेक दाबला. दोघांनी काय वेगळं करायला हवं होतं?
३. तुमच्या घरातल्या गाडी चालवणाऱ्या माणसाला एक विनंती चार ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तपासून मार्क देऊ नका. ती घरी जाऊ द्या.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचे वडील पालकांच्या तासाला आले होते, कारण धाकटा मुलगा आमच्याच वर्गात आहे. त्यांनीही फक्कीच्या पट्टीतून सायकल चालवली. चाक तिसऱ्याच पावलाला बाहेर गेलं. ते काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी सायकलचं पंक्चर काढून आणलं आणि पहिले चार दिवस स्वतः मागं मागं गेले. अट मात्र घातली आहे : उसाचं गाळप सुरू झालं की सायकल बंद, एसटीनं जायचं. त्या अटीला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ट्रॅक्टरवाल्या पालकांना या वर्षी दिवाळीआधीच शाळेत बोलवायचं, एवढं मी ठरवलं आहे.

तुमच्या शाळेत हा पाठ नक्की घेऊन बघा. आणि उद्या सकाळी गाडी काढताना समोर दप्तरवालं लेकरू दिसलं, तर थोडं मागंच थांबा.